बारकोड लागलेला दुधी: एका विनोदी मालिकेच्या पाचव्या भागाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका मराठी विनोदी मालिकेच्या पाचव्या भागाचे आहे. मालिका, वाहिनी, निर्मितीसंस्था आणि कलावंत यांची नावे येथे दिलेली नाहीत आणि पात्रांची नावे बदलली आहेत. मी या मालिकेची पटकथा आणि संवाद लिहिणाऱ्या तिघांपैकी एक होते, त्यामुळे पुढे जे चुकीचे निर्णय येतील त्यांतले काही माझेही आहेत. नव्याने मालिकालेखनाकडे वळणाऱ्यांना पहिल्या काही भागांत काय घडते हे सहसा कुणी सांगत नाही. मालिका स्थिरावल्यावर सगळे आधीपासूनच ठरले होते असे वाटू लागते, म्हणून हा एकच भाग तपशिलाने मांडत आहे.

पार्श्वभूमी

मालिकेची कल्पना साधी होती. नौपाड्यातल्या जुन्या दोन मजली इमारतीत चाळीस वर्षे राहिलेले निवृत्त मुख्याध्यापक अण्णा आणि त्यांच्या पत्नी माई, इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे, मुलाच्या घरी घोडबंदर रस्त्यावरच्या एका टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर राहायला येतात. मुलगा प्रसाद, सून केतकी आणि बारा वर्षांचा नातू ओम अशी घरातली पाच माणसे. ठाणे तेच, महापालिका तीच, तरीही अण्णांच्या लेखी ते ठाणे सोडून आलेले असतात. ‘जरा ठाण्याला जाऊन येतो’ असे ते म्हणतात आणि ओम त्यांना सांगतो, की आजोबा, आपण ठाण्यातच आहोत. कासारवडवली किंवा ओवळा परिसरात राहणाऱ्या पुष्कळ घरांत हे वाक्य खरोखर ऐकू येते आणि मालिकेचे बीजही तेथेच सापडले होते.

प्रसारण आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, अर्ध्या तासाच्या वेळेत होत असे. जाहिराती वजा जाता आम्हांला बावीस मिनिटे मिळत. ओवळ्याच्या पुढे, एका गोदामाच्या पत्र्याच्या छपराखाली फ्लॅटचा सेट उभारलेला होता आणि एका भागासाठी चित्रीकरणाचे दोन दिवस ठरलेले होते. मालिका सुरू होताना चार भागांची बँक, म्हणजे आगाऊ करून ठेवलेल्या भागांचा साठा, तयार होती. आठवडी मालिकेला ती पुरेशी वाटते, पण पहिल्या भागांचा प्रतिसाद हाती येईपर्यंत यांतले बहुतेक भाग प्रसारित होऊन गेलेले असतात.

अडचण

कोणता कार्यक्रम किती पाहिला गेला हे मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येत आणि ते आदल्या आठवड्याचे असत. ज्या गुरुवारी पहिल्या दोन भागांचे आकडे आमच्यासमोर होते, त्या दिवशी तिसरा भाग दाखवून झाला होता, चौथा वाहिनीकडे पोहोचला होता आणि पाचव्याचे चित्रीकरण येत्या शनिवारी आणि रविवारी होणार होते. दुसऱ्या भागाचा आकडा पहिल्यापेक्षा खाली गेला होता. पहिला भाग कुतूहलापोटी पाहिला जातो, त्यामुळे एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नव्हते. पण वाहिनीच्या क्रिएटिव्ह विभागाकडून त्याच दुपारी निरोप आला, की विनोद कमी पडतो आहे, प्रत्येक पानावर किमान तीन पंच हवेत.

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी आणि दिग्दर्शकांनी चारही भाग सलग पाहिले, आणि ही गोष्ट आम्ही फार आधी करायला हवी होती. विनोद कमी नव्हता, उलट प्रत्येक जण विनोदच करीत होता. अण्णा कोट्या करीत, माई टोमणे मारीत, प्रसाद स्वतःच्या कार्यालयावर शेरे मारी, केतकी त्यावर प्रतिशेरा देई आणि बारा वर्षांचा ओम पन्नाशीच्या स्तंभलेखकासारखा बोले. मी डोळे मिटून तिसऱ्या भागाचे दहाव्या मिनिटानंतरचे एक दृश्य नुसते ऐकले, तेव्हा आवाजांखेरीज पात्रे वेगळी ओळखता येत नव्हती. तिघे लेखक होते तरी पाचही तोंडांतून एकच जीभ बोलत होती, आणि ती बहुतांशी माझी होती.

दुसरे लक्षण पाहुण्या पात्रांचे होते. पहिल्या भागात विमा एजंट, दुसऱ्यात दूरचे मेहुणे, तिसऱ्यात योगशिक्षिका, चौथ्यात सोसायटीचे सेक्रेटरी. घरातल्या माणसांकडून कथा पुढे सरकेनाशी झाली, की आम्ही दाराची बेल वाजवीत होतो. निर्मात्यांच्या मनात यामागे एक आदर्श होता आणि तो चर्चेत वारंवार येई. १९८४ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘ये जो है ज़िंदगी’ या मालिकेत सतीश शाह जवळजवळ प्रत्येक भागात निराळी भूमिका करीत. ती लिहिणारे हिंदी व्यंगलेखक शरद जोशी यांच्या लेखणीला त्या योजनेने मोठा वाव दिला हे खरे आहे. पण तेथे पात्र बदलले तरी नट तोच होता आणि आज हा कोणत्या रूपात येणार याची वाट पाहणे हाच प्रेक्षकाचा त्या मालिकेशी जडलेला धागा होता. आमच्याकडे दर आठवड्याला नवा माणूस नव्या चेहऱ्याने येत होता आणि प्रेक्षकाने धरून ठेवावे असे काही मागे राहत नव्हते.

पाचव्या भागाची संहिता याच वाटेने गेलेली होती. सोसायटीची निवडणूक, प्रसादच्या साहेबांचे घरी जेवण आणि उमेदवाराच्या भूमिकेत एक परिचित विनोदी अभिनेते, अशा तीन कथा एकोणीस दृश्यांत कोंबल्या होत्या. तिच्यात फ्लॅट, क्लब हाऊस, गाडीतळ आणि गच्ची अशी चार ठिकाणे होती. पाहुण्या अभिनेत्यांची तारीख फक्त शनिवारची होती. अण्णांची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्यांचा शनिवारी दुपारी साडेचारला काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात नाटकाचा प्रयोग होता, आणि रविवारी रात्री साडेआठला वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात. म्हणजे शनिवारी ते अडीचला निघणार आणि रविवारी फार तर पाचपर्यंत मिळणार. ओवळ्याहून मानपाड्याजवळचे घाणेकर नाट्यगृह लांब नाही, पण अवजड वाहने आणि मेट्रोच्या कामाने अडलेल्या घोडबंदर रस्त्यावर अंतराचा हिशेब मिनिटांत करता येत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे आहे त्या संहितेत पंच वाढवून चित्रीकरण करणे. वाहिनीला तो मान्य होता, निर्मात्यांचा खर्च झालेला होता आणि कुणालाही नाराज करावे लागत नव्हते. मी स्वतः गुरुवारी रात्री नऊपर्यंत याच बाजूची होते, हे नोंदवायला हवे. भाग वेळेवर देणे ही लेखकाची पहिली जबाबदारी आहे असे मी मानत आले आहे आणि आजही मानते.

पाचव्या भागाऐवजी पहिल्या चार भागांतल्या निवडक प्रसंगांचा एक जोडभाग देऊन आठवडा मिळवावा, असे कार्यकारी निर्मात्यांनी सुचविले. चारच भाग पाहिलेल्या प्रेक्षकाला त्यांतल्याच आठवणी दाखवणे हास्यास्पद ठरले असते. हा विचार पाच मिनिटांत मागे पडला. सहावा भाग पुढे ओढण्याचा पर्यायही होता, पण त्याची नुसती वनलाइन, म्हणजे कथेचा थोडक्यातला आराखडा, तयार होती आणि तिच्यातही एक पाहुणा होताच.

उरलेला पर्याय दिग्दर्शकांनी मांडला. पाहुणे रद्द करायचे, फ्लॅटबाहेरची ठिकाणे रद्द करायची, घरातल्या पाच माणसांना एका सकाळपुरते त्याच फ्लॅटमध्ये ठेवायचे आणि शुक्रवारी रात्रीपर्यंत नवी संहिता लिहायची. यात दोन धोके उघड होते. एका दिवसात लिहिलेला भाग कच्चा राहू शकतो, आणि घरातली माणसेच जर अजून उभी राहिलेली नसतील, तर त्यांच्या भरवशावर बावीस मिनिटे कशी काढायची? माझा आक्षेप या दुसऱ्या मुद्द्यावर होता. दिग्दर्शकांचे म्हणणे असे, की आपण त्यांना उभे राहायला जागाच दिलेली नाही, तेव्हा ती नाहीत असे कशावरून म्हणायचे. त्यांनी ‘श्रीयुत गंगाधर टिप्रे’चे उदाहरण दिले. २००१ साली अल्फा मराठीवर सुरू झालेली ही मालिका दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वर आधारलेली होती, म्हणजे तिच्या मुळाशी घरातल्या माणसांच्या रोजनिशी होत्या. एकच प्रसंग आबांना वेगळा दिसतो, सुनेला वेगळा आणि नातवंडांना वेगळा, आणि विनोद त्या फरकातून येतो. आमच्या पाच माणसांना एकाच घटनेबद्दल पाच वेगळी मते आहेत का, हा प्रश्न त्या रात्री पहिल्यांदा विचारला गेला.

अमेरिकी मालिकांचाही उल्लेख निघाला, कारण वाहिनीच्या प्रतिनिधींना ते दाखले जवळचे होते. ‘साइनफेल्ड’चा पहिला भाग जुलै १९८९ मध्ये दाखवला गेला तेव्हा त्यात इलेन हे पात्रच नव्हते. पुढचे भाग थेट १९९०च्या मेअखेरीपासून आले आणि ती त्यांत आली. ‘द ऑफिस’च्या अमेरिकी आवृत्तीने २००५ मध्ये पहिल्या भागासाठी ब्रिटिश संहिता जवळपास जशीच्या तशी घेतली आणि दुसऱ्या भागापासून स्वतःची गोष्ट लिहायला सुरुवात केली. या दाखल्यांनी कुणाचे मत बदलले असे मला वाटत नाही. पण सुरुवातीच्या भागांनंतर रचना बदलणे म्हणजे अपयशाची कबुली नव्हे, एवढे वाहिनीच्या प्रतिनिधींना त्यांच्या वरिष्ठांसमोर मांडता आले. परवानगी रात्री सव्वाअकराला मिळाली, आणि ती मिळताना अट अशी होती, की भाग आवडला नाही तर जबाबदारी लेखकांची.

निर्णय आणि पुनर्लेखन

नव्या भागाची कथा माझ्या सहलेखकाच्या घरातून आली. त्याचे वडील गुडघे दुखत असूनही आठवड्यातून दोनदा रिक्षा करून जांभळी नाक्याच्या बाजारात भाजीला जात आणि त्यांना कुणी अडवलेले चालत नसे. त्यावरून आम्ही असे रचले: अण्णांना आता जांभळी नाका झेपत नाही, पण ते कबूल करणे त्यांना शक्य नाही. म्हणून ते घरच्यांना न सांगता फोनवरून भाजी मागवतात, सकाळी साडेसातला दारातच ती घेतात, जिन्याच्या वळणावर बसून आपल्या जुन्या कापडी पिशवीत भरतात आणि तास-दीड तास तेथेच काढून बाजारातून आल्यासारखे घरात शिरतात. त्यांना ठाऊक नसते, की आठ वाजल्यापासून वार्षिक देखभालीसाठी दोन्ही लिफ्ट बंद आहेत. सूचना सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आलेली असते आणि अण्णा तो गट वाचत नाहीत. घरातल्या बाकी चौघांना लिफ्ट बंद असल्याचे माहीत असते. एकोणीस मजले चढून आलेला माणूस घामाचा एक थेंबही नसताना दारात उभा असतो.

येथपर्यंत पोहोचल्यावर पुढची दृश्ये आपोआप सुचू लागली आणि लिहिताना पहिल्यांदाच पाच जण पाच दिशांना गेले. प्रसादला सत्य बाहेर काढायचे असते, कारण वडील काही लपवतात याची त्याला भीती वाटते. केतकीला अण्णांचा मान ठेवायचा असतो, शिवाय फोनवरून मागवलेली भाजी पहिल्यांदा तिनेच सुचवली होती आणि त्यावरून वाद झालेला असतो. ओमला सगळे ठाऊक असते, कारण अण्णांच्या फोनमध्ये ते ॲप त्यानेच घालून दिले आहे आणि गुप्ततेच्या बदल्यात त्याला मामलेदारची मिसळ मिळालेली आहे. माईंना काय हवे असते हे शुक्रवारी दुपारपर्यंत आम्हांला सांगता येत नव्हते.

पहिल्या मसुद्यात माई अण्णांना स्वयंपाकघरात गाठतात, दुधीवरचा बारकोडचा स्टिकर दाखवतात आणि म्हणतात, ‘जांभळी नाक्यावरच्या दुधीला बारकोड कधीपासून लागायला लागला हो?’ त्यावर अण्णा म्हातारपणाविषयी एक परिच्छेदभर बोलतात. बारकोडचे वाक्य माझे होते आणि मला ते फार आवडले होते. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, मालिकेत पहिल्यांदाच, सर्व कलावंतांना बसवून संहितेचे वाचन झाले. रंगभूमीवर वाचनाशिवाय तालीम सुरू होत नाही, आणि आमचे चार कलावंत रंगभूमीवरून आलेले होते. तरी आम्ही चार भाग वाचनाशिवाय केले होते. प्रत्येकाला आपापली पाने आदल्या रात्री फोनवर मिळत. वाचनात बारकोडच्या वाक्याला सगळे हसले. मग माईंची भूमिका करणाऱ्या बाई थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘ती हे बोलणार नाही. तिला हे कळलंय हे त्यांना कळता कामा नये, एवढंच तिला हवंय.’

या एका वाक्यावर सुमारे चाळीस मिनिटे चर्चा झाली. मी वाक्य सोडायला तयार नव्हते, कारण वाहिनीने पंच मागितले होते आणि हा त्या भागातला सर्वांत चांगला पंच होता. मधला मार्ग म्हणून ते वाक्य ओमच्या तोंडी द्यावे असे मी सुचवले, तेव्हा दिग्दर्शकांनी विचारले, की ओमला तर मिसळ मिळालेली आहे, तो का बोलेल? मी पुढे काही बोलले नाही. नव्या रूपात माई दुधी हातात घेतात, स्टिकर पाहतात, नखाने सोलून काढतात, तो ओट्याच्या कडेखाली चिकटवतात आणि मग बाहेरच्या खोलीकडे पाहून मोठ्याने विचारतात, ‘अहो, नाक्यावर गर्दी होती का हो आज?’ अण्णांचे उत्तर असते, ‘विचारू नकोस.’ परिच्छेदभर भाषणाची जागा या दोन शब्दांनी घेतली. दोन्ही रूपे चित्रित करून संकलनात ठरवावे अशी माझी विनंती मात्र मान्य झाली.

चित्रीकरणाचे दोन दिवस

जुलै महिना होता. शनिवारी सकाळी साडेनऊला पहिली दोन दृश्ये झाली आणि अकराच्या सुमारास पाऊस असा कोसळला, की पत्र्याच्या छपराखाली शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येईना. आमचे ध्वनिमुद्रण सेटवरच होत असे. मागाहून डबिंग करायला ना वेळ होता, ना अंदाजपत्रकात जागा. पाऊस थांबण्याची वाट पाहण्यात पाऊण तास गेला. अण्णा अडीचला निघणार होते.

येथे दिग्दर्शकांनी घेतलेला निर्णय या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांनी पाऊस कथेत घ्यायचे ठरवले. सकाळी चित्रित झालेल्या दृश्यांत अण्णा छत्रीशिवाय बाहेर पडले होते आणि ते बदलता येणार नव्हते. मग बाहेर धोधो पाऊस, हातात छत्री नाही, लिफ्ट बंद, आणि तरीही अण्णा कोरडे ठणठणीत घरात येतात. प्रसाद तोंड उघडतो, तेवढ्यात केतकी पुढे होऊन म्हणते, ‘अण्णा, टॉवेल.’ अण्णा क्षणभर टॉवेलकडे पाहतात आणि मग आपले कोरडे डोके मन लावून पुसू लागतात. यातली टॉवेलची कल्पना केतकीची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीची होती. डोके किती वेळ पुसायचे हे अण्णांनी ठरवले, आणि तिसऱ्या टेकला कानामागेही पुसले, तेव्हा बूम, म्हणजे लांब दांड्याचा माइक, धरणाऱ्या मुलाचा हात हलला. दृश्यात शब्द कमी उरल्यामुळे पावसाचा आवाज अडथळा न राहता पार्श्वध्वनी म्हणून वापरता आला.

स्टिकरचे दृश्य रविवारी झाले. त्यासाठी दोन कॅमेरे लावण्याचा आग्रह छायाचित्रकारांचा होता. एक कॅमेरा माईंच्या हातावर आणि चेहऱ्यावर, दुसरा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलेल्या अण्णांवर. एकाच कॅमेऱ्याने आधी एकीचे आणि मग दुसऱ्याचे क्लोजअप घेण्याची आमची रोजची रीत असती, तर प्रश्न आणि उत्तर यांमधला खरा पॉज मिळाला नसता, तो संकलनात कृत्रिमपणे तयार करावा लागला असता. पावसात गेलेल्या वेळेमुळे बारकोडच्या वाक्याचे दुसरे रूप चित्रित करणे राहूनच गेले. चार वाजून पन्नास मिनिटांनी अण्णा वाशीकडे निघाले आणि माझा राखीव मार्ग बंद झाला.

संकलन आणि वाहिनीची हरकत

पहिला कट सव्वीस मिनिटांचा झाला. प्रसाद आणि केतकी यांच्यातले शयनगृहातले एक लांब दृश्य जवळपास निम्मे कापावे लागले. त्यात केतकीची बाजू, म्हणजे भाजी मागवण्यावरून झालेल्या जुन्या वादाने तिला काय वाटले होते, ती पूर्णपणे गेली. कथेच्या गतीसाठी ते आवश्यक होते असे तेव्हा वाटले.

बुधवारी वाहिनीने भाग पाहिला. हरकती दोन होत्या. माई स्टिकर काढतात तेथे अकरा सेकंद कुणीच बोलत नाही, ते घरी पाहणाऱ्याला बिघाड वाटेल, आणि मुद्रित हास्य सगळीकडे सारखे हवे. मुद्रित हास्याविषयी माझे मत टोकाचे नाही. अमेरिकेत चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने १९५०च्या दशकात हशाचे यंत्र बनवले, ते एकट्याने पाहणाऱ्या माणसाला सोबत मिळावी या गरजेतूनही रुजले, आणि नाट्यगृहातल्या हशाची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकाला ते परके वाटत नाही. पण नाट्यगृहातला हशा कुठे येणार नाही, हेही नटाला ठाऊक असते. आम्ही टॉवेलच्या दृश्यावर हास्य ठेवले आणि स्टिकरच्या दृश्यावर ठेवले नाही. अकरा सेकंदांचे सात झाले. मागे जाऊन ठरवता आले तर मी हास्याबद्दल आणखी नमते घेईन आणि ते अकरा सेकंद मात्र सोडणार नाही, कारण माईंचा नखाने स्टिकर सोलण्याचा आवाज कापलेल्या चार सेकंदांत होता.

परिणाम

पाचव्या भागाचा आकडा चौथ्याइतकाच आला. सहाव्याचाही तेवढाच. वाहिनीने हा भाग विशेष गाजला असे कधी म्हटले नाही, आणि ते योग्यच होते. आकडा हळूहळू वर सरकू लागला तो दहाव्या भागानंतर, आणि तोवर प्रसारणाच्या वेळेआधी लागणारा कार्यक्रमही बदलला होता, त्यामुळे त्याचे श्रेय या भागाला देणे प्रामाणिक होणार नाही.

बदल झाला तो लेखनाच्या टेबलावर. पुढच्या प्रत्येक भागाची वनलाइन लिहिण्यापूर्वी आम्ही पाच नावांपुढे, या आठवड्यात हा माणूस घरच्यांपासून काय लपवतो आहे, एवढेच लिहू लागलो. जे नाव कोरे राहील त्याला त्या भागात विनोदी वाक्य द्यायचे नाही असा नियम केला. कोट्या अण्णांकडेच राहिल्या, कारण मुख्याध्यापकाला त्या शोभतात, आणि बाकीच्यांना त्या कंटाळवाण्या वाटतात हे कथेचा भाग झाले. वाचन दर भागाला होऊ लागले. ओट्याच्या कडेखालचा स्टिकर कलादिग्दर्शकांनी काढला नाही. तो कॅमेऱ्यात कधीच दिसत नसे, पण माईंची भूमिका करणाऱ्या बाई त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या की त्यांचा हात सवयीने तेथे जाई.

त्याच वेळी एक चूकही सुरू झाली. माईंचे सगळे कळूनही न कळल्यासारखे विचारणे आम्हांला इतके आवडले, की सातव्या आणि आठव्या भागांचा शेवटही आम्ही त्यावरच केला. आठव्या भागाच्या वाचनात त्याच बाई म्हणाल्या, की आता माई लबाड वाटायला लागल्या आहेत. त्यांचे म्हणणे खरे होते. सापडलेली गोष्ट लगेच पुन्हा वापरण्याचा मोह नव्या मालिकेत फार मोठा असतो, कारण सापडलेल्या गोष्टी तेव्हा मोजक्याच असतात.

वेगळे काय करता आले असते

वाचन पहिल्या भागापासून व्हायला हवे होते. खर्च एका संध्याकाळचा होता आणि तो वाचवून आम्ही चार भागांची भाषा गमावली. चार भागांची बँक एकाच दमात तयार करण्याऐवजी दोन भागांनंतर आठवडाभर थांबून ते सलग पाहिले असते, तर तिसरा आणि चौथा भाग तरी सावरता आला असता. बँक हवीच, पण आधी लिहिलेल्या भागांवरून शिकायला उसंत मिळाली नाही, तर बँकेत एकच चूक चार वेळा जमा होते.

केतकीच्या बाबतीत आमच्याकडून अन्याय झाला. टॉवेलची कल्पना जिने दिली, तिचेच दृश्य संकलनात निम्मे झाले आणि तिला ते प्रसारणाच्या वेळी कळले. तिने नंतर शांतपणे विचारले, की या घरात सून फक्त इतरांची अब्रू राखायलाच आहे का. प्रश्न अभिनेत्रीचा होता आणि पात्राचाही. प्रसादचे आणि तिचे दृश्य ठेवून ओमच्या मिसळीचे एक छोटे दृश्य काढता आले असते. तेव्हा त्या बाजूने कुणी बोलले नाही, मीसुद्धा नाही. नववा भाग आम्ही पूर्णपणे केतकीच्या बाजूने लिहिला आणि त्यात भाजीवरून झालेला तो वाद अण्णांसमोरच निघतो.

पाहुण्या अभिनेत्यांशी झालेले वर्तन मला अजून टोचते. त्यांची तारीख रद्द झाल्याचे त्यांना शुक्रवारी रात्री उशिरा निर्मिती विभागाच्या एका संदेशातून कळले. त्यांनी त्या शनिवारसाठी दुसरे काम नाकारलेले होते. भूमिका रद्द करण्याचा निर्णय आमचा होता, तेव्हा फोन लेखकांनी किंवा दिग्दर्शकांनी गुरुवारी रात्रीच करायला हवा होता, मग परवानगी सव्वाअकराला मिळालेली असो. मी सोमवारी त्यांना फोन केला. त्यांनी मानधनाविषयी एक शब्द काढला नाही, संहिता वाईट होती का एवढेच विचारले. मी हो म्हटले.

बाराव्या भागात आम्ही त्यांच्यासाठी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाची भूमिका लिहिली. तो चहा घेता घेता सहज विचारतो, की त्या पावसाच्या दिवशी लिफ्ट बंद असताना जिन्याच्या वळणावर दीड तास बसलेले आजोबा याच घरातले का. त्या वेळी खोलीत पाचही जण असतात. त्या भागाची संहिता त्यांना पंधरा दिवस आधी गेली आणि वाचनाला ते स्वतः आले.